टीआय-८४ प्लस ह्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरमधला डेटा वायर न लावता दुसऱ्या कॅल्क्युलेटरवर पाठवता येतो का?

येतो, मी इथं सोलापुरात घरी करून बघितलंय. तुम्ही लिहिलंय की ब्लूटूथ मॉड्यूल डायरेक्ट लिंक पोर्टला (दोन कॅल्क्युलेटर जोडायच्या भोकाला) जोडलं आणि काहीच गेलं नाही. मॉड्यूल चांगलंच असणार, पण ते सिरीयल बोलतं, म्हणजे ठरलेल्या वेगानं एकामागून एक बिट सोडत जातं, आणि त्या पोर्टला सिरीयल कळतच नाही. तिथं दोन तारा असतात, एरवी दोन्ही हाय, म्हणजे त्यांच्यावर व्होल्टेज असतं. ० पाठवायचा तर पहिली तार खाली ओढायची (लो करायची), १ पाठवायचा तर दुसरी, मग घेणारा उरलेली तार ओढून 'मिळाला' सांगतो, मग पाठवणारा सोडतो, मग घेणारा सोडतो. म्हणजे एका बिटला चार हालचाली आणि एका बाइटला ३२!

मी आधी ह्या हालचालीच जशाच्या तशा रेडिओवर पाठवत होतो, एक जरी हरवली की दोघं एकमेकांची वाट बघत बसायचे आणि शेवटी स्क्रीनवर 'एरर इन एक्स्मिट'. दोन दिवस गेले त्यात. नंतर लक्षात आलं की बिटांची देवाणघेवाण जागच्या जागी संपवायची, दोन्हीकडं एकेक आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) लावायचा, त्यानं आपल्या कॅल्क्युलेटरशी तारेवर बोलायचं आणि हवेतून फक्त पूर्ण बाइट पाठवायचे. बाइटमधला सगळ्यात लहान बिट आधी येतो, हे कोडमध्ये विसरू नका. आणि नॅनोची पिन कधीच हाय करायची नाही, लो करा नाहीतर इनपुट करून सोडून द्या.

रेडिओला एनआरएफ२४एल०१ प्लस ही चिप घ्या, एका पॅकेटात ३२ बाइट बसतात आणि पॅकेट हरवलं तर चिपच परत पाठवते, १५ वेळापर्यंत. तिला ३.३ व्होल्टच द्या, ५ दिले तर गेलीच म्हणून समजा, आणि सप्लायच्या दोन पिनांवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, माझी अर्धी डोकेदुखी तिथंच थांबली. स्पीड २५० केबीपीएस ठेवा. एका टेबलावर असाल तर पॉवर सगळ्यात कमी, उणे १८ डीबीएम, पुरते. वायफाय टाळायला चॅनल १०० च्या वर न्या असं बरेच जण सांगतात, ते ऐकू नका, आपल्याकडं लायसनशिवायचा पट्टा २४८३.५ मेगाहर्ट्झला संपतो आणि चॅनल १०० म्हणजे २५०० मेगाहर्ट्झ. मी ७६ वर ठेवलंय.

कॅल्क्युलेटरच्या लिंक पोर्टात घालायला हेडफोनसारखी पिन २.५ एमएमची लागते, आता दुकानात ३.५ चीच मिळते, मला नवी पेठेत एका मोबाईल रिपेअरवाल्याकडं जुन्या हँड्सफ्रीची मिळाली. तिच्या वायरीच्या आतल्या बारीक तारांवर रंगीत वार्निश असतं, ते जाळून किंवा खरवडून काढल्याशिवाय शिसं धरतच नाही.

पहिल्यांदा लिस्ट पाठवू नका, नुसतं एक व्हेरिएबल पाठवा. नंबरचे ९ बाइट, पुढं ४ चं हेडर (काय येतंय त्याची माहिती), मागं २ चा चेकसम (चूक पकडायची बेरीज), असा १५ बाइटांचा डेटा एका पॅकेटात जातो, त्यामुळं अडलं तर नक्की कुठं अडलं ते लगेच सापडतं.