तंबोरा फुटला, पण लेखी तक्रार कोणत्या दिवशी केलीत?

धंतोलीच्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. मुलीसाठी त्यांनी मिरजेहून तंबोरा घेतला आणि दोघं पुण्याहून विमानाने नागपूरला निघाले. विमानात चढताना ‘हा आत बसणार नाही’ म्हणून कर्मचाऱ्यांनी तंबोरा काढून घेतला, टॅग बांधला आणि वडिलांची सही घेतली. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर तो पट्ट्यावर मिळाला. खोळ धड दिसली म्हणून तसाच घरी नेला. चार दिवसांनी मुलीने खोळ काढली तर दांडी जिथे भोपळ्याला बसते तिथे आरपार तडा. या गोष्टीला आता सव्वा वर्ष झालं, आणि विमान कंपनीकडून त्यांना भरपाई हवी आहे. चौकट केलेलं चित्र, कॅमेऱ्याची तिपाई, मुलांची धनुष्यं यांबद्दल याच धर्तीची पत्रं येत असतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

तुमची तीन पानं कंपनीने तंबोरा आत का नेऊ दिला नाही यावर खर्च झाली आहेत. तो मुद्दा सोडा. केबिनमधल्या बॅगेचं माप आणि वजन तिकिटाच्या अटींत असतं. देशांतर्गत विमानांत ते साधारण ५५ सेंटिमीटर लांबी आणि सात किलोच्या आसपास येतं. तंबोरा त्यात बसत नाही हे तिकीट काढतानाच दिसत होतं. वाद्यासाठी वेगळी सीट घेता येते का, हे आधी विचारायला हवं होतं. तेही जमत नसेल तर मिरजेहून थेट नागपूरला येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस होतीच.

उलट, तंबोरा काढून घेतला गेला हे कायद्याच्या दृष्टीने तुमच्या फायद्याचं आहे. हवाई वाहतूक कायदा, १९७२ च्या तिसऱ्या अनुसूचीत नियम १७ आहे. प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाचं नुकसान झालं, तर कंपनीची चूक त्याला सिद्ध करावी लागते. कंपनीने ताब्यात घेतलेल्या, टॅग लावलेल्या सामानाला ती अट नाही. नुकसान तिच्या ताब्यात असताना झालं एवढं दाखवलं की जबाबदारी तिची. विमानाच्या दाराशी घेतलेलं सामानही यातच मोडतं असं माझं मत आहे.

आता तुमचा दावा जगतो की मरतो हे ज्यावर ठरणार, तो नियम ३१. नोंदवलेल्या, म्हणजे कंपनीने असं टॅग लावून घेतलेल्या, सामानाचं नुकसान लक्षात येताच, आणि काहीही झालं तरी सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत, तक्रार करायची. तीही लेखी. ती झाली नसेल तर कंपनीविरुद्ध दावाच चालत नाही. अपवाद एकच, कंपनीने स्वतः लबाडी केली असेल तर. फोन कितीही केले, समोरच्या मुलीने कितीही गोड बोलून ‘नोंद केली आहे सर’ म्हटलं, तरी ती लेखी तक्रार होत नाही. तुमचा पहिला ईमेल महिन्याने गेला आहे. त्याच्या जोरावर मी हे प्रकरण घेतलं नसतं.

पण पत्राच्या शेवटच्या पानावर, जाता जाता, तुम्ही एक वाक्य लिहिलं आहे: मुलीने खोळ उघडली त्याच संध्याकाळी कंपनीच्या अॅपवरच्या चॅटमध्ये फोटो टाकले होते, ‘पण तिथे यंत्रच उत्तर देतं, म्हणून आम्ही नाद सोडला.’ अहो, तुमचं सगळं प्रकरण त्या एका वाक्यात आहे! माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४ प्रमाणे, कायद्याला जिथे लेखी मजकूर हवा असतो तिथे इलेक्ट्रॉनिक मजकूरही चालतो. तो नंतर पुन्हा पाहता आला पाहिजे, एवढीच अट. उत्तर माणसाने दिलं की यंत्राने, याने फरक पडू नये. मजकूर कंपनीकडे कोणत्या तारखेला पोचला हे महत्त्वाचं.

म्हणून आजच मुलीचा तो जुना फोन काढा. चॅट उघडत असेल तर तारीख, वेळ, फोटो आणि तक्रार क्रमांक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. फोन विकू नका, त्यातलं काही पुसू नका. चॅट दिसत नसेल तर त्या दिवशी कंपनीकडून आपोआप आलेला ईमेल किंवा एसएमएस शोधा. त्या संवादाची प्रत कंपनीकडे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर ती आणायला लावा, अशी विनंती ग्राहक आयोगाला करता येते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांवर फार अडून बसत नाहीत, पण हा दावा ज्या एका कागदावर उभा राहणार तो कच्चा ठेवू नका.

चॅट मिळालं तरी विमानतळावर काहीच न बोलता तंबोरा घेऊन बाहेर पडलात, ही अडचण राहतेच. सामान विनातक्रार घेतलं की ते सुस्थितीत मिळालं असं प्रथमदर्शनी मानलं जातं. हे खोडून काढायचं काम तुमचं. तिथल्या तिथे खोळ उघडून पीआयआर, म्हणजे नुकसानीचा अहवाल, करून घेतला असता तर हे ओझं आलं नसतं. वाद्य मऊ खोळीत दिलं होतं आणि ते बाहेरून बघून घरी नेलं, याचा मला खरोखर राग आला. आता मिरजेच्या कारागिराकडून, तंबोरा दिला तेव्हा तो धड होता आणि असा तडा आघातानेच पडतो, असं लेखी घ्या, अर्थात त्याचं प्रामाणिक मत तसं असेल तर. कारण भोपळा मुळात नाजूक, उन्हाने आपोआप तडकला असेल, असा बचाव कंपनी घेणारच. सामानाच्या अंगच्या दोषाची जबाबदारी तिच्यावर येत नाही.

रकमेबद्दल फार आशा लावत नाही. तंबोरा ३८,००० रुपयांचा, आणि मनस्ताप धरून तुम्ही दोन लाख मागता आहात. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईची मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपये आहे. सामान देताना जास्त किमतीची खास घोषणा केली असती तर ती वाढली असती. कर्मचाऱ्यांनी परिणाम माहीत असून बेपर्वाईने आदळआपट केली हे सिद्ध झालं तर मर्यादा सुटते, पण तुमच्याकडे तसा पुरावा दिसत नाही. दाव्याचा खर्च वेगळा मिळू शकतो. मनस्तापाचं आयोगाच्या दृष्टिकोनावर अवलंबून आहे. ‘लिमिटेड रिलीज’ टॅगवरच्या, म्हणजे कंपनीची जबाबदारी कमी करणाऱ्या टॅगवरच्या, सहीने जबाबदारी पूर्ण संपते हे मला मान्य नाही, कारण नियम २६ अशा अटी रद्द ठरवतो. तरी युक्तिवाद दोन्ही बाजूंनी होईल.

आणि कंपनीच्या ‘प्रकरण विचाराधीन आहे’ या ईमेलांवर विसंबून आणखी बसू नका. नियम ३५ प्रमाणे विमान पोचल्यापासून दोन वर्षांत दावा दाखल झाला नाही तर हक्कच संपतो. ब्रिटिश एअरवेजच्या मालवाहतुकीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या अशाच नियमाबद्दल सांगितलं की मुदत कायदा तिथे लागू होत नाही. कंपनीने पत्रव्यवहारात जबाबदारी कबूल केली तरी मुदत पुढे सरकत नाही. तुमची सव्वा वर्षं गेली आहेत.

तक्रार सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. तिकिटावर दुसऱ्या शहराचं न्यायालय लिहिलेलं असलं तरी तुम्ही नागपूरला राहता, म्हणून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३४ तुम्हाला इथे दाद मागू देतं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइन दाखल होते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. कायदा तीन महिन्यांत निकाल द्यायला सांगतो. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात, आणि वीस हजारांसाठी माणसाला वर्षानुवर्षं फेऱ्या घालायला लावणं हा अन्यायच आहे. म्हणून पहिल्याच दिवशी सगळी कागदपत्रं जोडा: बोर्डिंग पास, टॅग, मिरजेची पावती, चॅट, कारागिराचं पत्र. तंबोरा अजून दुरुस्त केला नसेल तर सगळ्या बाजूंनी फोटो काढून होईपर्यंत आणि कारागिराने स्वतः पाहून पत्र देईपर्यंत तडा बुजवू नका.