वाचकांचे प्रश्न : झाडांमधून स्कीइंग करायचे, तर कुटुंबाने कुठे आणि केव्हा जावे?

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी औलीला आठवडाभर स्कीइंगचे प्राथमिक शिक्षण घेतले. आमची चौदा वर्षांची मुलगी आता दोन्ही बाजूंना वळणे घेत आत्मविश्वासाने उतरते. नऊ वर्षांचा मुलगा अजून स्कीची टोके एकमेकांजवळ आणून वेग आवरतो, आणि यजमान व मी या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहोत. जपानमधील निसेको येथे झाडांमधून, गुडघाभर भुसभुशीत बर्फातून उतरणाऱ्यांच्या चित्रफिती पाहून मुलीने तिथेच जायचा हट्ट धरला आहे. नाताळच्या सुट्टीत आठ दिवसांचा बेत करावा असे वाटते. आमच्यासारख्या कुटुंबाने तिथे जावे का? मुलाला झाडांमध्ये नेणे सुरक्षित आहे का?

उत्तर : जरूर जावे, मात्र नाताळात जाऊ नये, आणि झाडांमध्ये कोणत्या दिवशी शिरायचे हे मुंबईत बसून ठरवू नये.

आधी डोंगराविषयी. होक्काइदो बेटाच्या पश्चिम भागातील निसेको-आन्नुपुरी हा पर्वत अवघा १,३०८ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही ठेंगणा. तरीही तिथे पडणारा बर्फ जगभरातील स्कीपटूंना ओढून आणतो. याचे कारण असे, की हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे कोरडे, अतिथंड वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात आणि होक्काइदोच्या डोंगरांना अडले की ते हिमाच्या रूपाने सोडून देतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून जसे रिते होतात, तसेच हे घडते. वारे फार थंड असल्यामुळे तो बर्फ हलका आणि कोरडा असतो. उतारांवर बर्चची झाडे आहेत. हिवाळ्यात त्यांची पाने गळालेली असतात आणि पुष्कळ ठिकाणी दोन खोडांमध्ये वळण घेण्याइतके अंतर असते.

सतत हिमवर्षाव होणाऱ्या डोंगरावर झाडांचा आणखी एक उपयोग आहे. दाट हिमवर्षावात उघड्या उतारावर आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगात मिसळतात, चढ-उतार डोळ्यांना कळत नाहीत आणि नवख्या माणसाला पोटात ढवळल्यासारखेही होते. काळी-तपकिरी खोडे समोर असली की अंतराचा अंदाज येतो. शिवाय झाडांमुळे वारा अडतो, त्यामुळे स्कीपटूंना डोंगरावर नेणारे वरच्या टोकाकडील पाळणे वाऱ्यामुळे बंद असले तरी खालच्या जंगलात दिवस चांगला जातो.

तुमच्यासारख्या कुटुंबासाठी निसेको योग्य वाटते ते मात्र याहून साध्या कारणासाठी. तिथे यंत्राने सपाट केलेले उतार जंगल कापून काढलेले आहेत, त्यामुळे दोन उतारांच्या मध्ये झाडांचा पट्टा राहिलेला असतो. मुलगी प्रशिक्षकाबरोबर त्या पट्ट्यात दहा-पंधरा मीटर आत जाऊन पुन्हा उतारावर येऊ शकते, आणि मुलगा त्याच वेळी बाजूच्या सपाट उतारावरून तिच्या बरोबरीने खाली येतो. चौघांची पातळी वेगवेगळी असूनही दिवस एकत्र घालवता येतो. कौटुंबिक सहलीचा डोंगर निवडताना मी सर्वांत आधी हेच पाहते : घरातील सर्वांत नवख्या माणसाला तिथे दिवसभर मनासारखे काही करता येईल का? हट्ट धरणाऱ्या मुलीची सोय कुठेही होते. नऊ वर्षांच्या मुलाची आणि धास्तावलेल्या आईवडिलांची होतेच असे नाही.

एकाच पर्वतावर ग्रँड हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि आन्नुपुरी असे चार विभाग आहेत आणि चारही ठिकाणी चालणारा सामाईक पास मिळतो. पहिले दोन-तीन दिवस आन्नुपुरीच्या बाजूला घालवावेत, कारण तिथले उतार रुंद आणि सौम्य आहेत. हानाझोनोमध्ये स्ट्रॉबेरी फील्ड्स नावाचा झाडांचा प्रसिद्ध भाग आहे. तिथे जायचे ते मुलीने आणि तुमच्यापैकी एकाने, सहलीच्या उत्तरार्धात आणि प्रशिक्षकाबरोबर. इंग्रजीतून शिकवणारे प्रशिक्षक तिथे मिळतात, पण त्यांची नोंदणी विमानाच्या तिकिटांबरोबरच करून टाकावी.

आता नाताळ का नको ते सांगते. तिथल्या जंगलाच्या तळाशी सासा नावाचा बुटका बांबू सर्वत्र वाढतो. डिसेंबरअखेरीस सपाट केलेले उतार बहुधा छान तयार असतात, परंतु झाडांमधला बांबू, पडलेले ओंडके आणि ओढ्यांचे खळगे पुरेसे झाकले गेलेले नसतात. वरून बर्फ गुळगुळीत दिसतो आणि स्की खाली अडकते. ज्या झाडांसाठी एवढा खर्च करायचा, तीच त्या आठवड्यात सर्वांत कमी भरवशाची असतात, आणि राहण्याचे दर मात्र चढलेले असतात. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ उत्तम. २६ जानेवारीची सुट्टी धरून शाळेतून चार-पाच दिवसांची परवानगी काढता आली, तर तो आठवडा मी निवडेन. वार्षिक परीक्षेला तेव्हा अवकाश असतो. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान येते आणि त्या दिवसांत तिथे फार गर्दी होते, म्हणून त्या वर्षीची तारीख आधी पाहून घ्यावी.

मुलाविषयी तुम्ही विचारले आहे, त्याचे उत्तर वयावर अवलंबून नाही. मध्यम उतारावर प्रशिक्षकाने दाखवलेल्या जागी त्याला दर वेळी थांबता येते का, उजवीकडे आणि डावीकडे सारख्याच सहजतेने आखूड वळणे घेता येतात का, आणि पडल्यावर खोल बर्फातून स्वतः उठून स्की पुन्हा पायात चढवता येते का, हे पाहावे. तिन्हींना ‘हो’ म्हणता येत नसेल, तर त्याने या वेळी झाडांच्या कडेने उतरावे. टोके जवळ आणून वेग आवरण्याची पद्धत सपाट उतारावर उपयोगी पडते. खोल बर्फात मात्र दोन स्की दोन दिशांना ओढल्या जातात आणि मूल घाबरते. हीच कसोटी तुम्हा दोघांनाही लावावी, कारण मुलांच्या मागे झाडांत शिरलेले आणि तिथे थांबता न येणारे वडील हा स्वतंत्र धोका असतो.

झाडावर आदळण्याची भीती सर्वांनाच असते, आणि हेल्मेट त्यासाठी हवेच. परंतु खोल बर्फाच्या जंगलात दुसरा एक धोका असतो आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना तो ठाऊक नसतो. फर किंवा स्प्रूससारख्या सदाहरित झाडांच्या खालच्या फांद्यांमुळे खोडाजवळ बर्फ नीट साचत नाही. बाहेर दोन मीटर थर चढतो आणि खोडाभोवती मात्र भुसभुशीत बर्फाची खोल विहीर तयार होते, जी फांद्यांमुळे वरून दिसत नाही. स्कीपटू तिच्याजवळ पडला तर बहुधा डोके खाली आणि पाय वर अशा स्थितीत आत जातो, अंगावर बर्फ ढासळतो आणि काही मिनिटांत श्वास कोंडतो. अशा स्थितीतून एकट्याने बाहेर पडणे धडधाकट माणसालाही फार कठीण असते. निष्पर्ण बर्चभोवती हा धोका कमी असला तरी नाहीसा होत नाही, आणि निसेकोच्या जंगलात सदाहरित झाडेही आहेत.

म्हणून घरात बसूनच चौघांनी काही गोष्टी पाठ कराव्यात. झाडांमध्ये जोडीदार नेहमी दिसला पाहिजे. तो पुढे कुठेतरी आहे, एवढे पुरेसे नाही. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढलेले असावेत, म्हणजे हात मोकळे राहतात. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असावी. नजर झाडावर ठेवू नये, दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेवर ठेवावी, कारण स्की नजरेमागे जाते. खोडाजवळ पडू लागल्यास फांदी किंवा खोड घट्ट धरून पाय खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. आत गेल्यास धडपडू नये, हातांनी तोंडासमोर हवेची जागा करावी आणि ती राखावी. दुसरा कोणी आत गेला, तर मदत आणायला त्याला सोडून जाऊ नये. गस्तीपथकाला फोन करावा, शिट्टी वाजवावी आणि लगेच खणून आधी त्याचे तोंड-नाक मोकळे करावे. पथकाचा क्रमांक पहिल्याच सकाळी सर्वांच्या फोनमध्ये भरून घ्यावा. मुलीला हे सगळे समजावून सांगावे आणि तिच्याकडून म्हणवून घ्यावे. चौदाव्या वर्षी मुले नियमाचे कारण कळले की तो पाळतात.

निसेकोच्या हद्दीबाहेर जाण्यासाठी ठरावीक फाटके आहेत आणि हिमस्खलनाचा अंदाज घेऊन ती रोज उघडतात किंवा बंद ठेवतात. हद्दीवर बांधलेली दोरी ओलांडून जाण्यास सक्त मनाई आहे. युनोसावा हा भाग तर कायमच बंद असतो. तुमच्या कुटुंबाने या वर्षी एकाही फाटकातून बाहेर जाऊ नये. दोरीच्या आतली झाडे तुम्हाला पुरून उरतील.

बाकीची तयारी सोपी आहे. मुंबईहून सप्पोरोजवळच्या न्यू चितोसे विमानतळावर थेट विमान नाही; टोकियो किंवा आग्नेय आशियातील एखाद्या शहरातून जावे लागते आणि पुढे बसने अडीच-तीन तास लागतात. व्हिसा लागतो. जाण्यायेण्यात दोन्हीकडचे मिळून जवळजवळ तीन दिवस जातात, त्यामुळे आठऐवजी दहा दिवस धरावेत. प्रवासविमा घेताना त्यात हिवाळी खेळ समाविष्ट आहेत का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे, कारण साध्या पॉलिसीत ते बहुधा वगळलेले असतात. स्की आणि बूट तिथेच भाड्याने घ्यावेत. बुटात एकच पातळ लोकरी मोजा घालावा. दोन घातले की पाय सैल फिरतो आणि गारठतोही. अंगालगत सुती कपडा नको. आणि आजपासून इमारतीचे जिने चढावेत-उतरावेत, रोज उठाबशा काढाव्यात. मांड्या थकल्या की वळण सुटते, आणि दुपारी तीननंतर होणाऱ्या पडझडीचे मोठे कारण तेच असते.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाला चष्मा आहे. स्कीइंग करताना काय करावे? (डोंबिवली)

उत्तर : चष्म्यावरून घालता येणारे, आत जास्त खोली असलेले गॉगल मिळतात, तेच घ्यावेत आणि हेल्मेट व चष्मा घालूनच दुकानात तपासावेत. ढगाळ दिवसासाठी फिक्या पिवळ्या किंवा गुलाबी काचेचा गॉगल उपयोगी पडतो. झाडांमध्ये गॉगल कधीही कपाळावर सरकवू नये, बारीक फांद्या थेट डोळ्यांवर येतात. काच आतून पुसू नये, तिच्यावरील धुके न धरणारा थर निघून जातो.

प्रश्न : मुलगा आणि सून नातवंडांना घेऊन जानेवारीत निसेकोला निघाले आहेत आणि मलाही चल म्हणतात. माझे वय अडुसष्ट आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. मी घसरायला जाणार नाही. मग मी जावे का? (गिरगाव)

उत्तर : आजी, मनात असेल तर अवश्य जा. तिथे मुक्काम कमी उंचीवर असतो, त्यामुळे हवा विरळ होण्याचा त्रास नाही. घरे आणि हॉटेले आतून उबदार असतात. खरी काळजी पायवाटांची आहे, कारण त्या गोठून निसरड्या होतात. बुटांखाली बसवायचे काट्यांचे रबरी पट्टे घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. आभाळ स्वच्छ असले की समोर १,८९८ मीटर उंचीचा योतेई हा ज्वालामुखी पर्वत दिसतो आणि त्याच्याकडे पाहत सकाळ आनंदात जाते. गरम पाण्याच्या झऱ्यांची स्नानगृहे तिथे पुष्कळ आहेत, मात्र पाणी फार गरम असते, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. तिथे वस्त्रे उतरवून स्नान करण्याची रीत आहे. संकोच वाटत असेल, तर कुटुंबापुरते वेगळे स्नानगृह असलेली जागा मुलाला शोधायला सांगा.

तुम्ही शाकाहारी असाल, तर जपानी सूप आणि भाज्यांमध्ये माशाचा अर्क बहुधा असतोच, हे लक्षात ठेवा. स्वयंपाकघर असलेली निवासस्थाने हिराफूत सहज मिळतात. मेतकूट, भाजणी आणि डाळ-तांदूळ बरोबर न्या. एक विनंती तुमच्या मुलाला आणि सुनेला आहे : आई बरोबर आहे म्हणून दहा दिवसांचा स्वयंपाक तिच्या गळ्यात घालू नका.

प्रश्न : जपानचा खर्च आम्हा दोघांना परवडणार नाही. गुलमर्गलाही देवदाराची जंगले आहेत. आम्ही दोघे दोन हिवाळे स्कीइंग शिकलो आहोत. तिथे झाडांमधून उतरता येईल का? (ठाणे)

उत्तर : येईल, आणि ते जंगल फार देखणे आहे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद पाळण्याचा, पहिला टप्पा कोंगडोरी या मधल्या स्थानकापर्यंत आणि दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. दुसऱ्या टप्प्यावरील उघडे, तीव्र उतार तुमच्यासाठी नाहीत. तिथे हिमस्खलने होतात आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन परदेशी स्कीपटूंचा त्यात मृत्यू झाला. झाडे पहिल्या टप्प्याच्या खाली आहेत, आणि तुम्ही तिथेच राहावे.

तरीही एक फरक समजून घ्या. गुलमर्गला शिकाऊंसाठी मैदानाजवळचे सौम्य उतार आहेत आणि वर जवळजवळ निसर्गावस्थेतला डोंगर आहे; या दोन्हींच्या मधली पायरी फार लहान आहे. निसेकोसारखे झाडांच्या कडेने सरकत शिकणे तिथे सहज जमत नाही. म्हणून केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या गुलमर्ग येथील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत आधी एक अभ्यासक्रम करावा, किंवा निदान तीन दिवस स्थानिक प्रशिक्षक घ्यावा आणि झाडांचा निर्णय त्याच्यावर सोपवावा. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधील कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबरला सुरू होतो, पण बर्फ वेळेवर पडेलच असे अलीकडे सांगता येत नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडे होते. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा आणि तारीख बदलता येईल अशी तिकिटे काढा. निघण्यापूर्वी सरकारी प्रवाससूचना पाहा. इतर राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे दोघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड क्रमांक असू द्या.

बाबारेशीकडे उतरणारी जंगलवाट प्रसिद्ध आहे, परंतु ती गुलमर्गच्या बरीच खाली रस्त्यावर संपते आणि तिथून वर परत नेणारा पाळणा नाही. वाटाड्या घेतल्याशिवाय त्या बाजूला उतरू नका, आणि खाली गाडी किती वाजता थांबेल हे सकाळीच ठरवून घ्या. फेब्रुवारीत जंगलात अंधार लवकर पडतो, त्यामुळे शेवटची उतराई दुपारी अडीचच्या आत सुरू झाली पाहिजे.