वाचकांचे प्रश्न : सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

प्रश्न : वडिलांची 1986 सालची प्रीमिअर पद्मिनी आम्ही हौसेने जपली आहे. यंदा पावसाळाभर ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आता सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मेकॅनिकने बॅटरी आणि चारही प्लग बदलले, तरी फरक पडला नाही. आता नवा कार्ब्युरेटर बसवावा, असे ते म्हणतात. काय करावे? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : कार्ब्युरेटर कृपया इतक्यात विकत घेऊ नये. सेल्फ जोमाने फिरतो, त्या अर्थी बॅटरी, तिच्या जाड केबल आणि सेल्फ यांचे काम ठीक चालले आहे. तरीही सेल्फ फिरत असताना बॅटरीचे व्होल्टेज साडेनऊच्या खाली उतरत नाही ना, एवढे मल्टिमीटरने एकदा पाहावे, कारण ते फार उतरले तर सेल्फ फिरूनही कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या भागाला, पुरेसा करंट मिळत नाही. त्यानंतर मुख्य प्रश्न दोनच उरतात : प्लगवर ठिणगी पडते का, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल पोहोचते का. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनात सेन्सर नाहीत, त्यामुळे या दोन्ही गोष्टी घरच्या घरी, डोळ्यांनी पाहता येतात. त्या पाहिल्याशिवाय एकही भाग बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

चोक ओढून पाच-सहा सेकंद सेल्फ मारावा आणि लगेच एक प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येते आहे, पण ते पेटत नाही. वारंवार चोक देऊन सेल्फ मारलेल्या गाडीचे प्लग मात्र नुसत्या जादा पेट्रोलनेही भिजतात, म्हणून ते पुसून वाळवावेत, चोक बंद करावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पुन्हा सेल्फ मारावा आणि मगच निष्कर्ष काढावा.

आपली गाडी पावसाळाभर दमट हवेत उभी होती, म्हणून माझा पहिला संशय डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागातल्या) पॉइंटवर, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन तोंडांवर आहे. ठिणगी पाहण्यासाठी मेकॅनिकने काढून ठेवलेल्या जुन्या प्लगपैकी एक घ्यावा, तो एका प्लगच्या वायरला जोडावा, त्याचे धातूचे अंग इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवून रबरी मुठीच्या पकडीने धरावे आणि दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारायला सांगावे. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे आणि बाकीचे प्लग आपापल्या जागी घट्ट असावेत. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट आणि बारीक ठिणगी दाबाखालचे मिश्रण पेटवू शकत नाही.

ठिणगी नसेल तर साधा बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो. त्याची एक वायर बॉडीला लावावी आणि स्विच ऑन करून दुसरी कॉइलच्या स्विचकडून येणाऱ्या टोकाला लावावी. दिवा लागला नाही तर दोष स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे. लागला, तर तीच वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला लावून सेल्फ मारावा. तिथे दिवा लुकलुकला पाहिजे, कारण पॉइंट उघडले की तो पेटतो आणि मिटले की विझतो. दिवा न विझता सारखा जळत राहिला, तर पॉइंट सर्किट पूर्ण करीत नाहीत : एक तर त्यांच्या तोंडावर ओलाव्याने काळपट थर बसला आहे, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आत हलणाऱ्या प्लेटकडे जाणारी बारीक वायर तुटली आहे. ही वायर रोजच्या हालचालीने कव्हरच्या आत तुटते आणि बाहेरून अखंड दिसते, म्हणून ती बोटांनी हलके ओढून पाहावी. याउलट दिवा मुळीच लागत नसेल, तर कॉइलवरची ती पातळ वायर सोडवावी आणि दिवा पुन्हा त्याच टोकाला लावावा. आता तो लागला तर शॉर्ट डिस्ट्रिब्युटरच्या आत आहे. पॉइंट बसवताना स्क्रूखालचे फायबरचे वायसर उलटसुलट लागले की नेमके हेच घडते. तरीही लागला नाही तर कॉइलचे आतले वेटोळे तुटले आहे.

पॉइंट अगदी बारीक पॉलिश पेपरने घासावेत, मग त्यांच्यामध्ये कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी घालून ओढावी, म्हणजे भुकटी निघून जाते. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) 0.4 ते 0.5 मिलिमीटर गॅप ठेवावा. दिवा नीट लुकलुकतो, पण ठिणगी पिवळी आहे आणि पॉइंटची तोंडे जळालेली आहेत, असे दिसले तर कंडेन्सर, म्हणजे पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा छोटा डबीसारखा भाग, बदलावा. हल्ली बाजारातला नवा कंडेन्सरही खात्रीचा नसतो, म्हणून जुना लगेच फेकून देऊ नये. कॉइलच्या मधल्या जाड वायरवर ठिणगी चांगली, पण प्लगवर नाही, अशा वेळी डिस्ट्रिब्युटरची टोपी उलटी करून पाहावी. आत ओल किंवा पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर करंट तिथूनच पळतो. ओल पुसता येते, रेघ पडलेली टोपी मात्र बदलावीच लागते.

प्लग कोरडे असतील तर कॉइलची वायर सोडवून, एसी पंपाकडून (इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपाकडून) कार्ब्युरेटरला जाणारा पाइप एका बाटलीत सोडावा आणि सेल्फ मारावा. पेट्रोल ठरावीक लयीत उडाले पाहिजे. उडाले नाही तर पंपाची जाळी, त्याचा पडदा, टाकीकडून येणारा रबरी पाइप आणि टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र पाहावे. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते आणि जुने रबर फुगवते, त्यामुळे चार महिने पडून राहिलेले पेट्रोल काढून टाकून ताजे भरणे केव्हाही चांगले. पंप पेट्रोल देतो आणि तरीही कार्ब्युरेटरचा फ्लोटचा (पेट्रोल साठवणारा) कप्पा कोरडा राहतो, असे असेल तर सुकलेल्या पेट्रोलच्या चिकट्याने, पेट्रोल आत सोडणारी फ्लोटची सुई बंद स्थितीत चिकटून बसली आहे. हा दोष साफसफाईने जातो. त्यासाठी नवा कार्ब्युरेटर लागत नाही.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही आहेत आणि इंजिन कार्ब्युरेटरमधून उलटे फटकारते, असे झाल्यास प्लग बदलताना वायरींचा क्रम चुकला असण्याची शक्यता मोठी आहे. सिलिंडरच्या आकड्यांनुसार तो 1-3-4-2 असा असावा.

प्रश्न : माझी 1997 सालची कार्ब्युरेटरवाली मारुती 800 सकाळी पटकन सुरू होते, पण उन्हाळ्यात घाट चढून वर थांबले की पुन्हा सुरू होत नाही. अर्ध्या तासाने आपोआप होते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तपासणी गाडी अडलेली असतानाच करावी, कारण अर्ध्या तासाने पुरावा उरत नाही. सोबत एक जादा प्लग ठेवून तिथेच ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल तर तापल्यावर निकामी होणारी कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटरमधले (पॉइंटचे काम करणारे) इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, यांपैकी एक दोषी आहे. ठिणगी चांगली असेल तर पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ अडकली आहे. पंपावर ओला कपडा टाकल्यावर दोन-चार मिनिटांत गाडी सुरू झाली की निदान पक्के समजावे. मात्र त्या कपड्याचे पाणी शेजारच्या डिस्ट्रिब्युटरवर आणि वायरींवर पडू देऊ नये. कायमच्या उपायासाठी पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर बांधून घ्यावा आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, हे पाहावे.