जेलमध्ये माफी कापली, दाद कुठे मागायची?

ताई, तुमचा भाऊ नाशिकरोड जेलमध्ये शिक्षा भोगतोय. बराकीच्या झडतीत मोबाइल सापडला म्हणून त्याची माफी, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत मिळणारी दिवसांची सूट, कापली, मुलाकातही बंद केली. याविरुद्ध काही करता येतं का, असं तुम्ही विचारलंय. येतं. कैद्यांच्या अर्जांचं काम मी बरीच वर्षं केलंय, त्यावरून सांगतो.

मुलाकात आज ना उद्या सुरू होईल, तुम्ही माफीकडे बघा. माफीचा जेवढा दिवस कापला, तेवढी सुटका लांबली. घरचे मुलाकातीसाठी फाटकावर हात जोडत उभे राहतात आणि माफीचा कागद कुणी मागतच नाही, हे पाहून जीव तुटतो.

‘मोबाइल माझा नव्हता’ एवढ्याच मुद्द्यावर हायकोर्टात जाऊ नका. तिथे पुरावा नव्याने तोलायला सहसा कुणी बसत नाही. शिक्षा कशी दिली, हे बघतात. आणि इथेच बहुतेक वेळा जेलची बाजू लंगडी पडते. सुनील बात्रा या तिहारमधल्या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिलं, सुप्रीम कोर्टाने ते पत्रच याचिका मानलं. १९७९च्या त्या निकालात म्हटलंय की सवलती काढून घेण्याची शिक्षासुद्धा सत्र न्यायाधीशांच्या पडताळणीशिवाय द्यायची नाही. तातडी असेल तर शिक्षा दिल्यावर दोन दिवसांत त्यांना कळवायचं.

म्हणून आधी लेखी अर्ज करून कागद मिळवा: जेलच्या शिक्षा नोंदवहीतली नोंद, भावाला दिलेली नोटीस, त्याचा जबाब, सत्र न्यायाधीशांकडे पाठवलेला प्रस्ताव आणि त्यावरचा आदेश. झडतीचा कागद शब्द न् शब्द वाचा. मोबाइल त्याच्या पिशवीत मिळाला, की सगळे वापरतात त्या संडासाच्या भिंतीतल्या फटीत? जबाबात दोन ओळींची कबुली आणि खाली अंगठा असेल, आणि भाऊ एरवी सही करत असेल, तर ते वकिलाला पहिल्यांदा दाखवा.

वकिलासाठी दागिने मोडू नका. कोठडीतल्या माणसाला १९८७च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२नुसार मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या, भावालाही आतून द्यायला सांगा. पुढची फौजदारी रिट, म्हणजे या शिक्षेविरुद्धची याचिका, मुंबईला हायकोर्टात जाईल. सुटकेची तारीख जवळ असेल तर अर्जात ती अगदी वर, ठळक लिहा; सुटून बाहेर आल्यावर माफी परत मिळाली तरी गेलेले दिवस भरून येत नाहीत.