आप्पांचे हजार चंद्र

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

आप्पांच्या वर्षश्राद्धासाठी पुण्याला जायचे म्हणून मी जुने फोटो काढून बसले होते, तेव्हा तुझ्या पणजोबांना बायका ताटभर दिव्यांनी ओवाळत आहेत असा एक फोटो तू उचललास आणि विचारलेस की, त्यांनी हजार चंद्र पाहिले असे सगळे म्हणतात, पण ते मोजले कोणी, आणि वाढदिवस सोडून चंद्र का मोजायचे? त्या गडबडीत तुला धड उत्तर देता आले नाही, म्हणून आता सावकाश लिहीत आहे.

त्या समारंभाला सहस्रचंद्रदर्शन म्हणतात आणि त्यातले चंद्र म्हणजे पौर्णिमेचे चंद्र. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात, त्यामुळे वर्षाला बारा पौर्णिमा होऊनही अकराएक दिवस उरतात. ते साठत जातात आणि साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी आपल्या पंचांगात एक अधिक महिना येतो. ऐंशी वर्षांच्या नऊशे साठ पौर्णिमांत या अधिक महिन्यांच्या तिसाच्या आसपास पौर्णिमा मिळवल्या, तर एक्याऐंशीवे वर्ष संपण्याआधीच हजार भरतात. आप्पा जन्मभर शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे हा हिशेब गुरुजींच्याही आधी त्यांनीच कागदावर मांडला होता.

वाढदिवसाबद्दल सांगायचे, तर त्यांच्या घरात तारखेने कोणाचाच वाढदिवस होत नसे. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख निराळीच पडली होती, कारण नाव घालायला नेले त्या दिवशी मास्तरांनी सोयीची तारीख लिहून टाकली. पणजीला मात्र त्यांची तिथी पक्की ठाऊक होती: १९३१ सालचा माघ महिना, वद्य पक्ष. म्हणजे त्यांच्या आयुष्यातली पहिली पौर्णिमा होळीची. ज्याचा जन्मच चंद्रावरून लक्षात ठेवला गेला, त्याचे वय चंद्रावरून मोजणे त्या घराला अगदी स्वाभाविक होते.

त्या होळीपासून मोजले तर हजारावी पौर्णिमा १० डिसेंबर २०११ ची, म्हणजे दत्तजयंतीची निघाली, आणि नेमके त्याच संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होते. ग्रहणात असा समारंभ करत नाहीत, म्हणून तो पुढच्या पौर्णिमेवर, पौषात गेला. माझी रजा डिसेंबरचीच होती. त्यामुळे त्या फोटोत मी नाही. एक्याऐंशी दिव्यांचे औक्षण, चांदीची चंद्रप्रतिमा, संध्याकाळी चंद्राला दिलेले अर्घ्य, हे सारे मला आजीने फोनवर सांगितले. याची रुखरुख मला आजही आहे. पण ग्रहणाच्या रात्री मी कोथरूडच्या गच्चीवर आप्पांच्या शेजारी होते. घरातली मोठी माणसे वेध पाळून खाली बसली होती आणि आप्पा शाल गुंडाळून, मान वर करून, तांबूस होत गेलेला चंद्र शेवटपर्यंत पाहत होते. पावसाळ्यातले कितीतरी चंद्र पुण्यात ढगाआडच उगवतात, तेव्हा ‘दर्शन’ हा शब्द मी जरा उदारपणे घेतो आहे, असे ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, मी काही न विचारता, त्यांनी पानशेतची रात्र सांगितली.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि काही तासांतच मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. आपला वाडा नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नव्हता. आप्पा तेव्हा तीस वर्षांचे आणि तुझे आजोबा तीन वर्षांचे. आप्पांनी त्यांना खांद्यावर घेतले, पणजीने देव आणि एक पितळी डबा पदरात बांधला आणि सगळे पर्वतीकडे निघाले. रात्र पर्वतीच्या पायऱ्यांवर गेली. शहरात वीज नव्हती आणि त्या दिवशी अमावास्या होती. आपले घर कोणत्या दिशेला आहे हेही खालच्या अंधारात कळत नव्हते, असे आप्पा म्हणाले. पाणी ओसरल्यावर परत गेले, तेव्हा वाड्याची मागची भिंत बसली होती आणि माजघरात गुडघाभर चिखल होता. त्यांनी पुन्हा शाळेत जायला सुरुवात केली, संध्याकाळी शिकवण्या धरल्या आणि पुढची कित्येक वर्षे भिंत, छप्पर, भावंडांची लग्ने असे एकेक उभे केले. “त्यानंतरची पौर्णिमा मी मुद्दाम पाहायला गेलो, पण आभाळ भरलेले होते,” एवढेच बोलून ते गप्प झाले. हजारांत न मोजलेली ती एक रात्र त्यांनी हजाराव्या रात्री आठवली, हे मी विसरू शकत नाही.

तुझ्या जन्मासाठी मी माहेरी आले होते, हे तुला माहीत आहे. पतवंडाचे तोंड पाहिलेल्या माणसावर सोन्याची फुले उधळतात. हा मान मुलाच्या मुलाच्या मुलाचा, नातीच्या मुलीचा नव्हे, असे कोणी तरी म्हणाले, तेव्हा आप्पांनी इतकेच सांगितले की, पणती ही पणतीच असते, घरात उजेड करते. बारशाला फुले उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, १८ ऑक्टोबर २०१३ ला, कोजागरी होती. दव पडेल म्हणून आजी नको नको म्हणत असताना आप्पांनी तुझे कान दुपट्याने झाकून तुला गच्चीवर नेले, आणि खाली आल्यावर पंचांगाच्या समासात त्या तिथीपाशी पेन्सिलीने ‘पणती – १’ असे लिहिले.

ते गेले तेव्हा ९४ वर्षांचे होते आणि त्यांचे साडेअकराशेहून अधिक चंद्र झाले होते. तुझे दीडशेच्या पुढे गेले आहेत. नेमका आकडा तू काढ. ते पंचांग आजीच्या कपाटात आहे आणि पुण्याला गेल्यावर ते तुला द्यायला मी तिला सांगितले आहे.

तुझी,
आई