कागल भागातल्या पणजोबांचा माग कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की पणजोबांचं नाव आणि कागल तालुक्यातलं गाव एवढंच हाताशी आहे, पुढं कुठं जायचं? आमच्या पणजोबांसाठी मी याच वाटेनं गेलोय, म्हणून सांगतो.

आमच्या घरात एकच गोष्ट चालत आलेली: पणजोबा पंढरीला गेले ते परत आलेच नाहीत. मी आधी मोडी दस्तांच्या मागं लागलो आणि वर्ष वाया घालवलं. तुम्ही सातबाऱ्यापासून सुरू करा. त्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर असतात. सगळ्यात जुना नंबर घ्या आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज द्या. एका फेरफारातून त्याच्या आधीचा सापडतो, असं मागं मागं जायचं. तुम्हाला हवी ती वारसाची नोंद. आमच्या नोंदीत पणजोबांच्या नावापुढं ‘मयत’ होतं आणि खाली, वारस मुलगा अज्ञान, वय 6, अ. पा. क. आई. अज्ञान म्हणजे वयात न आलेला, आणि अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, त्याचा सांभाळ करणारा. तो सहा वर्षांचा मुलगा म्हणजे माझे आजोबा.

जुन्या कागदात आडनाव शोधत बसू नका, बऱ्याचदा ते नसतंच. ‘अमुक बिन तमुक’ असं बापाचं नाव येतं, बाईच्या नावापुढं ‘कोम’ आणि नवऱ्याचं नाव. साल ‘फसली’ म्हणजे जुन्या महसुली वर्षाचं असेल तर इसवी सनासाठी त्यात 590 मिळवा. हे वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळं जानेवारी ते मेमधल्या नोंदीला 591. आमच्या फेरफारावर फसली 1328 होतं, म्हणजे 1918-19.

साल कळल्यावर कोतवाल बुक मागितलं. गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना 14. ऑक्टोबर 1918 च्या पानावर पणजोबा सापडले, कारण ‘ताप’. चार ओळी खाली त्यांची तीन वर्षांची मुलगी, कारण ‘ताप’. पान वरपासून खालपर्यंत तापानंच भरलेलं. इन्फ्लुएंझाच्या साथीचा तो महिना. पणजोबा पंढरीला गेलेच नव्हते. सहा वर्षांच्या पोराला कुणीतरी तसं सांगितलं असणार, आणि त्यानं ते जन्मभर धरून ठेवलं. त्या मुलीचं तर नावही आमच्या घरात कधी कुणी काढलं नव्हतं. त्या दिवशी मी नक्कल घेऊन बराच वेळ कचेरीच्या पायरीवर बसून होतो.

आजोबांच्या पिढीसाठी शाळेचं जनरल रजिस्टरही बघा. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळं गरिबाघरच्या पोरांची नावंही तिथं मिळू शकतात. आणि कागल ही कोल्हापूर संस्थानाखालची जहागीर होती. 1 मार्च 1949 ला संस्थान विलीन होईपर्यंतचा कारभार कोल्हापूरचाच. म्हणून पुण्या-मुंबईला हेलपाटे मारण्याआधी कोल्हापूरच्या पुरालेखागारात जा. तिथं मात्र मोडी वाचणारा माणूस सोबत लागेल.

हेळव्याला विसरू नका. सुगी झाली की बैल घेऊन येतो आणि वहीतून घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो. तुमच्या घराण्याचा हेळवी कोण, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि तो येईल तेव्हा निरोप द्यायला सांगून ठेवा. आमच्या हेळव्याच्या वहीत पणजोबांच्या पुढं फक्त आजोबा होते. यंदा तो आला तेव्हा कोतवाल बुकाची नक्कल समोर ठेवली आणि त्या मुलीचं नाव त्याच्याकडून लिहून घेतलं.