कोंडवाडा, कांजी हाऊस आणि 'डांबणं'

नागपूरच्याच एका वाचकाने विचारलंय: "मोकाट जनावरं ठेवतात त्या जागेच्या पाटीवर 'कोंढवाडा' लिहिलेलं पाहिलं. माझी आजी त्यालाच 'कांजी हाऊस' म्हणायची. खरा मराठी शब्द कोणता? आणि बातम्यांमध्ये माणसाला कधी 'कोंडून' ठेवतात, कधी 'डांबून'. दोन्ही एकच का?"

ढ आधी निकालात काढतो. क्रियापद 'कोंडणे', म्हणून जागा 'कोंडवाडा'. बोलताना ढ ऐकू येतो, पाट्या रंगवणाऱ्याला तो तसाच ऐकू आला असेल, पण लिहिताना ड. यातला 'वाडा' मात्र नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यासारखा ऐटबाज नाही. संस्कृतातल्या 'वाट' किंवा 'वाटक' या शब्दाचा अर्थच कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा. त्यातूनच वाडी, वाडगं आणि वाडा. म्हणजे चौसोपी इमारतीच्या आधी वाडा हा काट्याकुट्यांचा वेढा होता.

आता आजीचं कांजी हाऊस. आपल्याकडे बरेच जण सांगतात, की जनावरांना तिथे भाताची कांजी पाजत, म्हणून हे नाव. असं काही नाही. मूळ इंग्रजी शब्द 'काइन हाऊस'. काइन हे इंग्रजीत 'गाय' या शब्दाचं जुनं अनेकवचन. १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला. दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरलेलं जनावर धरून २४ तासांच्या आत सरकारी आवारात पोचवायचं, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवून न्यायचं, ७ दिवसांत कुणी आलं नाही तर जाहीर नोटीस आणि पुढे लिलाव, अशी ती रीत. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. अर्धा प्रांत हिंदी बोलणारा, कचेऱ्यांतही हिंदीचा वावर, म्हणून हिंदी मुलखातलं 'कांजी हाऊस' आपल्या तोंडी बसलं. उत्तर नागपुरात तर कांजी हाऊस चौकच आहे. काही जण 'कांजी हौस' लिहितात. कुणालाच नसलेली हौस!

लहानपणी आजोबांबरोबर आमची म्हैस सोडवायला गेलो होतो. मुन्शीने रजिस्टर उघडून विचारलं, "वर्णन सांगा." आजोबा म्हणाले, "काळी." मुन्शीने मान वर करून आवाराकडे पाहिलं. आत सात म्हशी होत्या. मग "उजवं शिंग खाली वळलेलं, कानाला चीर" असं लिहून घेतलं, पावती फाडली, आणि आमची म्हैस जणू माहेरून परत आल्यासारखी रमतगमत बाहेर पडली. दंडापेक्षा चाऱ्याचेच पैसे जास्त लागले म्हणून आजोबा घरापर्यंत कुरकुरत होते.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की कोंडवाड्याची खूण यातच आहे. तिथे जनावर नेहमी दुसऱ्याचं असतं. स्वतःचं जनावर माणूस कोंडत नाही, बांधतो. त्यासाठी दावं, खुंटा, गव्हाण, आणि डोक्यावर गोठ्याचं छप्पर. आपल्या विदर्भात गोठा नाही म्हणत, 'कोठा' म्हणतात, 'ढोरं कोठ्यात बांधली का?' पुण्याकडच्या पाहुण्याला वाटतं आपण ग चा क करतो. तसं नाही, दोन्ही शब्दांचं कूळ वेगळं. कोठा आला 'कोष्ठ'वरून, म्हणून तो कोठी, कोठार, कोठडी यांचा भाऊ. गोठा आला 'गोष्ठ'वरून, जिथे गायी उभ्या राहतात ती जागा. पुढे माणसंही जमू लागली तेव्हा त्या जमण्याला 'गोष्ठी' म्हणू लागले, मग जमून जे बोलणं होतं ते गोष्ठी, आणि त्याचीच आपली 'गोष्ट'. आजी नातवाला गोष्ट सांगते ती शब्दाच्या हिशेबाने गोठ्यातूनच आलेली असते. मला स्वतःला हा प्रवास फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळलो.

कोंबड्यांना मात्र ना बांधतात ना कोंडतात, त्या 'डालतात'. वर डालगं टाकलं की झालं. मेंढरांभोवती धनगर वाघर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण.

आता कोंडणं आणि डांबणं. आईने चिडून पोराला खोलीत कोंडलं, असं आपण सहज म्हणतो. 'डांबलं' म्हटलं तर शेजारी पोलिसांना फोन करतील. डांबण्यात जोर आहे, खुन्नस आहे, आणि डांबणारा कायम वेगळा असतो. ताडून पाहा: 'तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं' हे चालतं, 'स्वतःला डांबून घेतलं' कानाला खटकतं. शिवाय कोंडायला कुणी माणूसच लागतो असं नाही. चुलीचा धूर कोंडतो, कुकरमध्ये वाफ कोंडते, उकाड्यात जीव कोंडतो. वाहतुकीची कोंडी तर वर्धा रोडवर रोजची, आणि ती करणारा एकटा कुणीच सापडत नाही. धूर कधी डांबत नाही. म्हणून मजुरांना कारखान्यात जबरदस्तीने ठेवलं तर 'डांबलं' लिहा. लिफ्ट बंद पडून माणसं अडकली तर तिथे डांबणं नाहीच, कोंडणंही ओढूनताणून. सरळ 'अडकली' म्हणा.

माणसांसाठी 'कोंडवाडा' वापरता येतो का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण त्याचं उत्तर केव्हाच मिळून गेलंय. दया पवारांच्या १९७४ सालच्या कवितासंग्रहाचं नावच 'कोंडवाडा' आहे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं त्यांच्या बाजूने उच्चारल्यावर तो शब्द गुरांपुरता उरला नाही.

बिबट्या पकडला की आपल्या पेपरात हमखास 'जेरबंद' येतं आणि तो गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात पोचतो. जेरबंद हा फारसी शब्द, मुळात घोड्याच्या साजातला पट्टा, त्याने मान वर उडवू नये म्हणून खालून आवळलेला. बिबट्याला कोण पट्टा लावतो!

राहिला तुरुंग. नागपुरात हा शब्द पुस्तकात आणि पेपरातच, रिक्षावाल्याला 'सेंट्रल जेल' सांगावं लागतं. तुरुंग किनाऱ्यावरून आला, पोर्तुगीज 'त्रोंको'वरून. त्रोंको म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय अडकवायला भोकं पाडलेला ओंडका वापरत, त्यालाही त्रोंको, आणि पुढे अख्ख्या बंदिशाळेलाही. गंमत म्हणजे मराठीने हेच स्वतंत्रपणे केलं होतं: खोड, आणि त्यावरून पाय अडकवायचा 'खोडा'. माणसांचा खोडा गेला, जनावरांचा राहिला. गावातल्या ढोरांच्या दवाखान्यापुढे लोखंडी पाइपांची चौकट असते, सुई टोचताना गाय हलू नये म्हणून. डॉक्टर आतूनच ओरडतात, "खोड्यात घ्या तिला!"